जुळलेल्या नळ्या

कचेरीत तिला सगळे ‘भिंग’ म्हणत, कारण दुसऱ्याच्या कोडमधली बारीकशी चूकही तिच्या नजरेतून सुटत नसे. रक्तपेढ्यांची संगणकप्रणाली सांभाळणे हे तिचे काम. त्यातले जुने जावा क्लास, म्हणजे नोंदींचे साचे, मोडायचे नव्हते. मात्र कोट्लिन या नव्या संगणकभाषेतल्या डेटा क्लासला आयते मिळणारे गुण त्यांना द्यायचे होते. ते तिने आदल्या दिवशी दिले. आता दोन नोंदींतली माहिती सारखी असली, की जुना क्लासही त्यांना एकच मानू लागला.

सकाळी फोन खणाणला. एका रक्तपेढीतले काका होते.

“अगं भिंगा, तुझं यंत्र झोपलंय का? बाई ऑपरेशनच्या टेबलावर आहे, रक्त थांबत नाही, आणि हे म्हणतंय दुसरी नळी आलीच नाही! दोन्ही नळ्या माझ्या हातात आहेत!”

रुग्णाचे रक्त दोनदा, वेगवेगळ्या माणसांनी काढायचे आणि दोन्ही नळ्यांचा गट जुळला तरच यंत्राने रक्तपिशव्यांच्या शीतपेटीचे कुलूप उघडायचे, असा नियम होता.

“काका, दोन्हींचा गट?”

“एकच. जुळायलाच हवा ना!”

तिथेच पाणी मुरत होते. नळीला स्वतःचा क्रमांक नव्हता. नोंदीत फक्त रुग्ण आणि गट. बदलाआधी जुना क्लास तरीही प्रत्येक नळी निराळी धरी. आता जुळलेल्या दोन नळ्या यंत्राच्या लेखी एकच झाल्या होत्या, आणि ते दुसरीची वाट पाहत बसले होते. चाचण्या घेताना तिने डोळ्यांत तेल घालून धोक्याच्या, म्हणजे न जुळणाऱ्याच जोड्या तपासल्या होत्या. त्यांतल्या नळ्या दोनच्या दोन राहिल्या होत्या.

“पूर्ववत करायला किती वेळ?” मागे उभ्या साहेबांनी विचारले.

“वीसेक मिनिटं.”

“मग थांबव त्यांना. आपलंच यंत्र चुकतं असं आपणच सांगितलं, तर उद्या दारात कोण उभं करील?”

“ती बाई थांबेल का, साहेब?”

तिने फोन कानाशी घट्ट धरला.

“काका, पेटीची किल्ली आहे ना? नळ्या स्वतः ताडून पाहा, डॉक्टरांची सही घ्या आणि उघडा. यंत्र चुकतंय. चूक माझी आहे.”

“असं लिहून ठेवू?”

“माझ्या नावानिशी.”

पलीकडे धावती पावले, कुणाची तरी हाक, मग खट्कन आवाज.

“निघाली पिशवी!” काका ओरडले आणि फोन बंद झाला.

जिथे जिथे नळ्या जुळतील, तिथे तिथे आज हेच होणार होते. तिने बदल मागे घेण्याची आज्ञा दिली आणि हात पुढे केला.

“बाकीच्या पेढ्यांचे नंबर द्या, साहेब. अर्धे तुम्ही लावा.”

साहेबांनी खुर्ची ओढली.