नांदूरघाटचा उलटा पोपट

टॉवेलात गुंडाळलेला एक लाकडी पाय पिशवीत घालून मी पुण्याहून बीड जिल्ह्याकडे निघालो, तेव्हा निरोप द्यायला दारात कोणी आलं नाही. घरात माझ्याशी फारसं कोणी बोलतच नव्हतं. आठवड्यापूर्वी ट्यूबलाइट बदलायला मी आईच्या चौरंगावर उभा राहिलो होतो. चौरंगाचा पुढचा उजवा पाय मुळातून मोडला, आणि तो तुकडा मी शहाण्यासारखा भंगारवाल्याला देऊन टाकला. आईला हळद लागली ती याच चौरंगावर. दिवाळीनंतर माझ्या मुलीला, सईला, त्यावरच लागायची होती. मी पायाच्या जागी वीट लावून दाखवली. आई म्हणाली, "विटेवर विठोबा उभा राहतो. नवरी बसत नाही."

चौरंग तिच्या माहेरी घडवलेला, सागवानी, प्रत्येक पायावर एक कोरीव पोपट. "नांदूरघाटला जा, तिथले सुतार करून देतील," एवढंच ती बोलली. आजोबांनी ते गाव माझ्या जन्माआधीच सोडलं होतं, त्यामुळे मी ते कधी पाहिलेलं नव्हतं. नमुन्यासाठी पुढचा डावा पाय काढून घेतला, फोनमध्ये 'नांदूर' लिहिलं, पहिलं जे नाव आलं त्यावर बोट ठेवलं आणि अंबाजोगाईची रात्रीची एसटी पकडली.

तिथून दुसरी गाडी करून घाटनांदूरला उतरलो तेव्हा अंग आंबून गेलं होतं. चहाच्या टपरीवर विचारलं, "पाय मोडलाय. करून देणारं कोणी आहे का?" चहावाल्याने कळवळून मला एकाच्या मोटारसायकलवर बसवून दिलं. पाच मिनिटांत मी एका हाडवैद्यासमोर होतो आणि माझा घोटा त्यांच्या मुठीत होता.

"कुटं दुकतंय?"

"आता दुखतोय," मी ओरडलो आणि पिशवीतला पाय काढून दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा पाहिला. "ह्याला लेप चालत न्हाई. आन् हे काम हितलं न्हाईच. नांदूरघाटचं हाय."

"हेच ना नांदूरघाट?"

"हे घाटनांदूर, साहेब. तुमी उलटं आलात."

एकाच जिल्ह्यात दोन गावांची नावं अशी पाठीला पाठ लावून ठेवायची कोणाला काय गरज होती, देव जाणे. परत अंबाजोगाई, तिथून केज, केजहून काळीपिवळी जीपमध्ये तिघांच्या सीटवर पाचवा. काढणी झालेली सोयाबीनची रानं आणि वेचणीला आलेला कापूस मागे पडत होता. खिडकी माझ्या वाट्याला आली नव्हती, त्यामुळे निसर्गाचं वर्णन एवढंच.

नांदूरघाटला नामदेव सुतारांचं घर लगेच सापडलं, कारण दारात माणसांची गर्दी होती. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या दुसऱ्या दिवशी निघणार होत्या आणि प्रत्येकाला कोयत्याला नवी मूठ हवी होती. सत्तरीचे नामदेवराव मांडी न मोडता पटाशी चालवत होते. मी आईचं नाव सांगितलं. त्यांनी मान वर केली.

"आक्काचं पोर? मंग तू भाचा. मला मामा म्हन. बस."

"मामा, माझं काम जरा घाईचं आहे."

"तुजा पाय थांबंल. ह्यांचा हात थांबत न्हाई." असं म्हणून त्यांनी माझ्या हातात पॉलिशपेपर दिला. मोडलेला पाय करायला आलेला मी, दिवस मावळेपर्यंत कोयत्याच्या मुठी घासत बसलो. एका बाईने माझी मूठ परत केली. "कड ऱ्हायली. फोड येईल मला," ती म्हणाली. मी पुन्हा घासली. तोंडाने नाही, पण मनात चिकार बोललो.

शेवटची मूठ गेल्यावर मामींनी गरम धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट थालीपिठासारखे) आणि दही पुढे ठेवलं. तेव्हा कुठे मामांनी माझा पाय हातात घेतला, आणि बोट पोपटाच्या चोचीवर थांबलं.

"हा आमच्या बापाच्या हातचा. मोडला त्यो माजा." ते ओशाळं हसले. "पुडचे दोन पोपट समोरासमोर बगत्यात. म्या तवा शिकत हुतो. माज्याचं तोंड उलटं, भाईर झालं. बापानं लई मारलं. पर नवरीला बसवायची येळ झालती, दुसरा करायला टाइम न्हवता."

इतकी वर्षं तो चौरंग घरात होता, आणि मी कधी पोपटांकडे पाहिलं नव्हतं.

"आता सरळ करतो," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "पंचावन वर्सं सलतंय मला."

विचारावं म्हणून स्पीकरवर आईला फोन लावला. ती ताडकन म्हणाली, "उलटाच कर म्हणावं. माझे वडील तेव्हा म्हणाले होते, राहू द्या, एक तरी पोपट माहेराकडं बघत राहील."

"आक्का, एकडाव सरळ करू द्या की!" मामा फोन हातात घेऊन ओरडले.

"नाही, नामा. होता तसा."

मामांनी फोन माझ्याकडे दिला आणि ते पटाशा आवरायला लागले. एकाला चूक सुधारायची, दुसरीला ती जपायची, आणि दोघांच्या मध्ये रजा संपत आलेला मी!

सकाळी ते कामाला बसले. लाकूड पायाच्या अंगठ्यात दाबून पाय कोरत होते. मध्येच विचारलं, "पोरगी कुटं दिलीस?"

"नाशिकला."

"लांब हाय," म्हणाले आणि पुन्हा पटाशी चालू झाली. मला त्यांनी मुठींसाठी लाकडं सोलायला बाहेर पाठवलं. दुपारी दोन्ही पाय तेलाच्या फडक्यात बांधून मिळाले. "तेल मुरू दे. घरी गेल्याबिगर सोडू नको." परतीच्या एसटीत त्या तेलाने माझी पँट खराब केली, हेही नोंदवून ठेवतो.

घरी आईने फडकं सोडलं. पोपटाचं अंग बाहेरच्या बाजूला होतं, सांगितलं तसंच. पण मान पार मागे वळवलेली, डोळे जोडीदाराकडे. ना उलटा, ना सरळ! माझा संयम सुटला. "दोन दिवस हमाली करून घेतली आणि शेवटी स्वतःचंच खरं केलं! लावतो फोन त्यांना."

"ठेव तो फोन," आई म्हणाली. ती त्या मानेवरून बोट फिरवत होती. "माझा होता तो माहेराकडं बघत होता. हा सईचा केलाय नामानं. बघ ना, घरातून निघालाय आणि वळून बघतोय."

मी पाय खाचेत ठोकून बसवले. सई येऊन चौरंगावर बसली, हलून पाहिलं. "बाबा, अजिबात डुगडुगत नाही."

वीट बाहेर ठेवून येतो म्हणालो, आणि ती हातात धरून बराच वेळ जिन्यातच उभा राहिलो.