पाण्यानं लिहिणारे हाराबोजी

मॅडमचा फोन आला तेव्हा मी पेज ढवळत होते. हॉस्पिटलमध्ये डबा न्यायचा होता. त्या एवढंच म्हणाल्या, "सुनंदा, आता पेज नको करू." मी गॅस बंद केला आणि डाव हातात धरून तशीच उभी राहिले... लिहायला लाज वाटते, पण मनात पहिला विचार आला तो माझा. ज्यांच्या सेवेसाठी माझं वर्क परमिट होतं ते गेले, आता मला परत पाठवतील का? त्यांचा विचार नंतर आला, आणि तो अजून गेलेला नाही.

याला आता दोन महिने होतील. ते कोरियातले कवी होते, म्हातारपणी या परक्या शहरात येऊन राहिलेले. त्यांच्या देशात मुलांना शाळेत त्यांच्या कविता असतात, असं मॅडम, म्हणजे त्यांची मुलगी, सांगायच्या. घरच्यांची इच्छा नाही म्हणून नाव लिहीत नाही. घरात सगळे त्यांना हाराबोजी म्हणत, म्हणजे आजोबा, तेच मीही म्हणायची. मी गडहिंग्लजकडची, सातवीत शाळा सुटलेली. कवितेबद्दल बोलायचा मला काय अधिकार? पण इथं आमच्या मरीन परेड भागातल्या बागेत भेटणाऱ्या कुलकर्णीवहिनी म्हणाल्या, "चार वर्षं तू त्यांच्याजवळ होतीस, आम्ही नव्हतो. बोलतेस तसं लिही." शुद्धलेखन त्यांनीच बघून दिलंय.

मी कामाला लागले त्या दिवशी मॅडमनी घर दाखवलं आणि एक गोष्ट दोनदा सांगितली. या घरात फोटो काढायचा नाही, हाराबोजींचा तर नाहीच. आधीच्या बाईनं त्यांचे आजारपणातले फोटो कुठेतरी टाकले होते. मी मान हलवली. परदेशात आलेल्या माणसाला एक कळतं, सांगितलेलं मोडायचं नाही. मोडलं तर काय होईल हे माहीत नसतं, म्हणून तर जास्त भीती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हाराबोजी बाल्कनीत खाली बसून, वाटीतल्या पाण्यात ब्रश बुडवून करड्या फरशीवर काहीतरी लिहितायत. मला वाटलं, पाणी सांडलं. फडकं घेऊन पुसायला गेले तर त्यांनी ब्रश माझ्या हातावर हलकेच मारला आणि हसले. फडकं नको, ऊन पुसेल, असं खुणेनं सांगितलं. मागाहून मॅडमकडून कळलं. तरुणपणी ते शाळेत शिकवत. एका कवितेपायी नोकरी गेली, तुरुंगात गेले. तिथं कागद देत नसत. पिण्याच्या पाण्यात बोट बुडवून ते जमिनीवर लिहीत, आणि शिपायाची पावलं वाजेपर्यंत ते वाळून जाई. तेव्हा लागलेली सवय जन्मभर राहिली. कविता आधी पाण्यानं लिहायची. दुसऱ्या दिवशी तीच्या तीच पुन्हा लिहिता आली, तरच कागदावर घ्यायची. नाही आली तर ती आपली नव्हतीच म्हणून सोडून द्यायची. त्यांची सगळी पुस्तकं अशी झालेली.

एकदा त्यांनी मला विचारलं, शाळा किती? आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत चालायचं. मी सात बोटं दाखवली. ते त्या बोटांकडे बघत राहिले, मग वाटी माझ्याकडे सरकवून ब्रश दिला. नाव लिही म्हणाले. किती वर्षांत मी माझं नाव सहीसाठी सोडून कशाला लिहिलं नव्हतं. मी घाईघाईत पहिलं अक्षर काढलं. ते म्हणाले, "सावकाश. कोणी थांबलेलं नाही." माझं नाव वाळेपर्यंत ते बघत बसले. वर्गात माझ्या पाटीकडे इतका वेळ कुणी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षापासून त्यांचं विसरणं वाढलं. बायको गेली हे विसरायचे, समोर समुद्रात उभी जहाजं बघून ही कुठली गोदी म्हणून विचारायचे. पण सकाळी मॅडम हार्बरफ्रंटच्या ऑफिसला गेल्या की बाल्कनीत यायचेच. आता आधी ब्रश कोरडाच धरून बसायचे. काल काय लिहिलं ते आठवायचा प्रयत्न चाललेला मला कळायचा. आठवत नसे. मग डोळे भरायचे, आणि थोड्या वेळानं नवीन काहीतरी लिहायला घ्यायचे... मला तरी ते नवीनच वाटायचं. मी एकदा मॅडमना सांगायला गेले. त्या बूट घालता घालता म्हणाल्या, "आता ते लिहीत नाहीत सुनंदा, नुसता हात चालतो." पुढं बोलायचा धीर झाला नाही.

पण हे सगळं उन्हात जातंय, आणि बघणारी मी एकटी, हे काही मला बघवेना. फोटोची मनाई होती. म्हणून मी शंभरपानी वही आणली आणि रांगोळीच्या पुस्तकातली नक्षी उतरवावी तशी ती अक्षरं उतरवायला लागले. ते लिहीत असताना मी आत पेज गाळत असायची. बाहेर यायची तोवर फरशी भरलेली. वही मांडीवर घेऊन मी डावीकडून सुरुवात करायची, आपण सगळं लिहिणं डावीकडूनच धरतो. उजव्या टोकाला पोचेपर्यंत तिथलं वाळून गेलेलं असायचं. मी म्हणायची, जाऊ दे, शेवटचं थोडंसंच गेलं. त्यांचा हात वरून खाली उभ्या ओळी काढत उजवीकडून डावीकडे सरकतो हे मी पाहिलं नव्हतं असं नाही. चार वर्षं पाहिलं होतं. पण त्याचा अर्थ लावायला मी कुठं बसले होते?

ते गेल्यावर मी वही मॅडमना दिली. ओरडतील अशी भीती होती. त्या रडल्या. महिन्याभरानं सोलहून एक बाई आल्या, हाराबोजींच्या कवितांवर अभ्यास केलेल्या. त्यांनी जेवणाच्या टेबलावर वही उघडली. एक पान बघितलं, दुसरं बघितलं, परत पहिल्यावर गेल्या. त्यांना हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंतची, दिवसाला एक, अशी एकोणीस पानं होती. मग त्या मॅडमशी हळू आवाजात बोलल्या आणि मॅडमनी मला सांगितलं. ही सगळी एकच कविता आहे. रोज तीच, शब्दाला शब्द. कुठल्याच पुस्तकात नसलेली. आणि तिची सुरुवात एकाही पानावर नाही.

एकोणीस दिवस त्यांना ती आठवत होती. त्यांच्याच नियमानं ती कधीच कागदावर जायला हवी होती. त्यांना वाटायचं आपण कालची विसरलो, आणि रडून झाल्यावर ते कालचीच लिहायचे. आणि मी? चित्रं एकसारखी दिसतायत हे मला दिसत होतं. त्यांची सगळी अक्षरंच मला सारखी वाटायची, म्हणून मी बोलले नाही. वहीचं मागचं पान त्यांच्यापुढं धरलं असतं, तर... पण तेवढं मला सुचलं नाही.

मॅडम एकदम म्हणाल्या, "फोन होता ना तुझ्याकडे? एक फोटो काढायचास." आणि मग त्याच गप्प झाल्या. पहिला दिवस त्यांनाही आठवला असणार.  

त्या बाईंनी उरलेली कविता कशी आहे म्हणून इंग्रजीत सांगितली. कुणीतरी कुणालातरी हाक मारतं आहे आणि दार लागतं, असा शेवट. हाक कोणाला, ते उजवीकडं होतं. असं अर्धं छापता येत नाही, म्हणाल्या, आणि वही दोन्ही हातांनी मला परत दिली.

मॅडमचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांनी मला परत पाठवलं नाही, याच शहरात पुंगोलला त्यांच्या ओळखीच्या घरी लावून दिलं. निघताना ब्रश आणि वाटी माझ्या पिशवीत घातली. इथं दोन लहान पोरं आहेत. ती शाळेत गेली की कधीकधी मी मागच्या बाजूच्या फरशीवर वाटी घेऊन बसते. वही न उघडता ती अक्षरं मला आता येतात. अर्थ येत नाही, वळणं येतात. डाव्या टोकापासून, म्हणजे शेवटाकडून, मागं मागं येत मी ती काढते, संपतात तिथं थांबते, आणि उजवीकडची जागा कोरडी ठेवते. इथं ऊन लवकर येतं. थोड्या वेळानं सगळीच फरशी कोरडी होते, आणि कुठली जागा मी सोडली होती ते सांगता येत नाही.