दातात धरलेली टोपली

चेन्नईतल्या वेस्ट मांबलमहून निघताना मी अर्धा किलो कोळंबी विकत घेतली. त्याबद्दल माझाच मला अजून राग येतो.

माझा जुना मित्र सुधीर एन्नोरच्या खाडीवर माहितीपट करत होता. निवेदन मी लिहायचं, म्हणून पुण्याहून आले होते. सकाळी त्याचा फोन आला, “येताना कोळंबी आण, टपोरी बघ.” मला वाटलं, जेवणाला. सोबत दुभाषी म्हणून कावेरीअक्का. तंजावरच्या मराठी, बँकेतून निवृत्त, कट्टर शाकाहारी. पिशवीचा वास येताच त्यांनी नाकाला पदर लावला, तो थेट एन्नोरला उतरल्यावर काढला.

स्टेशनातून रिक्षाने खाडीवर गेलो. पलीकडे वीजकेंद्राची धुराडी, अलीकडे राखेने करडं झालेलं पाणी. त्यात, सुधीर जिचं चित्रण करणार होता ती सेल्वी छातीपर्यंत उभी होती. इथल्या बायका जाळं वापरत नाहीत. चिखलात हात घालून बोटांनी कोळंबी धरतात आणि दातात धरलेल्या परीत (ताडपानांच्या टोपलीत) टाकतात.

“हातांनी काम करत बोल म्हणावं,” सुधीर काठावरून ओरडला.

“अहो, परी दातांत आहे तिच्या. बोलेल कशी?” अक्का फणकारल्या.

दोन तासांनी सेल्वी वर आली. परीत तीन बारक्या कोळंब्या आणि चिखल. बोटं चोळत ती बोलली, अक्कांनी सांगितलं: “पूर्वी बोटांना कोळंबी कळायची. आता राखच लागते.”

सुधीरने माझ्या हातातली पिशवी घेतली. “फक्त एका शॉटपुरती परीत टाकू. रिकामी टोपली कोण बघतं?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अक्कांनी विचारताच सेल्वीने परी पाठीमागे धरली. “भरलेली दाखवलीत, तर राख सोडणारे म्हणतील, खाडी छान आहे. रिकामीच दाखवा.”

“बरं बाई,” सुधीर हसून म्हणाला.

मग आम्ही सावलीत अक्कांचा लिंबूभात खायला बसलो. सेल्वी पाणी प्यायला झोपडीत गेली. तिची परी काठावरच होती. सुधीर उठला, त्याने पिशवी तिच्यात उलटी केली, कॅमेरा लावला आणि शॉट होताच कोळंबी पुन्हा पिशवीत भरली. मी पाहिलं. अक्कांची पाठ होती. माझ्या तोंडात घास होता, तो मी चावत राहिले. परी तर सेल्वीच्या दातात असते, मला बोलायला काय झालं होतं?

पुण्यात परतल्यावर सुधीरने फिल्म पाठवली. चिखलात चाचपणारे सेल्वीचे हात, लगेच भरलेली परी, आणि खाली माझं वाक्य: ‘ही खाडी भरभरून देते.’ ते मी जुन्या दिवसांबद्दल लिहिलं होतं, ‘एके काळी बायका म्हणायच्या’ अशी सुरुवात करून. त्याने तेवढंच कापलं. मी फोनवर त्याला वाट्टेल ते बोलले. तो शांतपणे म्हणाला, “तुझं नाव काढतो. शॉट राहील.”

काल अक्कांचा फोन आला. “सेल्वी विचारते, रिकामी परी आली का म्हणून. काय सांगू तिला?”

“भरलेली आली म्हणून सांगा,” मी म्हटलं. “आणि ती कोळंबी मी आणली होती, तेही सांगा.”