परगावचा गोल

युरोपमास्तर नगर जिल्ह्याबाहेर फारसे कधी गेले नव्हते. पण युरोपात फुटबॉलचा कोणता क्लब कोणाला हरवून पुढे गेला, हे त्यांना गल्लीतल्या भांडणाइतकं नेमकं ठाऊक असे. मिशनच्या शाळेतले हे आमचे ड्रिलमास्तर. शिट्टी गळ्यात घालूनच चर्चला जात. रेडिओच्या खरखरीला कान लावून त्यांनी तिकडच्या क्लबांच्या स्पर्धेची रीत शिकून घेतली आणि सत्तरच्या सुमारास ती थेट आमच्या जिल्ह्याला लावली.

तालुक्यात पहिला येईल तोच संघ आत. मग प्रत्येक जोडीचे दोन सामने, एक आपल्या गावी, एक त्यांच्या. दोन्हींची बेरीज सारखी झाली, तर परगावी मारलेला गोल दुप्पट धरायचा. एकदा एक पुढारी आले आणि आमचा संघ थेट घ्या म्हणाले. मास्तर म्हणाले, "साहेब, आधी तालुका जिंका. जीप तोवर सावलीत लावा."

यजमानांनी पाहुण्या संघाला जेवू घालायचं, हे कलम मात्र मास्तरांचं स्वतःचं. पहिल्याच वर्षी पाथर्डीकरांनी सामन्याआधी आग्रह करकरून आम्हाला पुरणपोळ्या वाढल्या. मध्यंतरापर्यंत आमचा सेंटर फॉरवर्ड लिंबाखाली आडवा! पुढच्या वर्षीपासून जेवण सामन्यानंतर.

मास्तरांच्या निवृत्तीच्या वर्षी आम्ही नगरकर अंतिम फेरीत गेलो. समोर घोडेगाव. आम्ही तो कप कधीच जिंकला नव्हता. यंदा तो मास्तरांच्या हातात द्यायचा, ही एकच ईर्षा होती. नगरला आम्ही दोन-एक जिंकलो. घोडेगावात, गुरांच्या बाजाराच्या मोकळ्या मैदानात, एक-शून्य हरलो. बेरीज दोन-दोन.

घोडेगावचा कॅप्टन घाम पुसत आला. "मास्तर, अजून थोडं खेळू की! आमी तयार हाय. असा कप आमाला बी गोड लागायचा न्हाई."

आम्ही आशेनं मास्तरांकडे पाहिलं.

"तुम्ही नगरला येऊन गोल केलात. आमच्या पोरांनी इथं काय केलं? कप तुमचा."

मी भडकलो. "मास्तर, एकदा तरी आपल्या बाजूनं बघा!"

"अरे, आपल्या मैदानावर आपलीच माणसं ओरडत असतात," ते शांतपणे म्हणाले. "परक्या गावात जाऊन जमतं, ते मी जास्त धरतो."

पंगतीत मी ताट बाजूला सारलं. मास्तर मात्र घोडेगावकरांच्या मध्ये बसून पुन्हा पुन्हा कालवण मागत होते. त्यांचा तेव्हा मला मनस्वी राग आला, आणि तो पुढे कितीतरी वर्षं टिकला.

मास्तर गेले तेव्हा दफनभूमीत आम्ही नगरकर होतोच. पण एस्टीनं, जीपनं पाथर्डीचे आले, खर्ड्याचे आले. घोडेगावचा तो कॅप्टन, आता केस पांढरे झालेला, आपला सगळा संघ घेऊन आला होता आणि लहान पोरासारखा रडत होता. जुन्या सवयीनं मी जमलेल्या माणसांची बेरीज केली. नगरचे आणि परगावचे जवळजवळ सारखेच भरले. मग मी मास्तरांच्या रीतीनं परगावचे दुप्पट धरले, आणि तो कप घोडेगावला दिल्याचा माझा राग तिथेच संपला.