शिवरामशेठची बोलणी आणि गरम वडा

वामन मूळचा माणदेशचा. तिकडची माणसं उन्हात वाढतात आणि हट्टाला पक्की असतात, असं तो नेरूळच्या सोसायटीत सगळ्यांना अभिमानाने सांगे. स्वतः मात्र रिक्षावाल्याने मागितल्यापेक्षा जास्तच देऊन उतरे. असा माणूस ऑडिटर झाला. लोकांचे हिशेब तपासायचे आणि त्यांच्याशीच घासाघीस करायची, हेच त्याच्या पोटापाण्याचं साधन.

शहाण्णव सालचा उन्हाळा. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले शिवरामशेठ हे वामनचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या जिवावर त्याचं वाशीचं ऑफिस उघडं होतं. शेठच्या मागच्या शेडमधला पत्र्यांचा ढीग खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने गंजून लाल झालेला. बोट लावलं की पापुद्रा हातात यायचा. ताळेबंदात मात्र तोच माल नव्या नवरीच्या थाटात, पूर्ण किमतीला बसलेला. तो कागद बँकेत जाणार आणि त्याखाली सही वामनची. सही केली तर नाव जाणार, नाही केली तर गिऱ्हाईक.

आठवडाभर त्याने आरशासमोर तयारी केली. आधी म्हणायचं, अख्खा ढीग भंगाराच्या भावाने धरा. शेठ अडलेच तर निम्म्यावर यायचं. अगदीच गळ्याशी आलं, तर किंमत तशीच ठेवून अहवालात 'माल गंजलेला' असा एका ओळीचा शेरा. पोळ्या लाटता लाटता त्याची बायको सरोजिनी म्हणाली, "अहो, आरसा सगळं ऐकतो हो. शेठ ऐकतील का?"

लोखंड बाजारात खाणं समोर आल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. पहिल्यांदा सांगितलेला भाव खराही धरत नाहीत. वामन शेठच्या ऑफिसात जाऊन बसला, वडे आले. शेठ म्हणाले, "हां, बोला साहेब."

वामनने तोंड उघडलं आणि आठवडाभर रचलेली शिडी उलटी झाली. "शेठ, तो गंजलेला माल... एका ओळीचा शेरा दिला तर चालेल ना?"

माणदेशचा हट्ट पहिल्याच वाक्यात संपला. आता तोंड कुठं लपवावं, म्हणून त्याने अख्खा वडाच तोंडात कोंबला. वडा नुकताच कढईतून उतरलेला.

शेठचे डोळे बारीक झाले. "एवढंच?"

तोंडात निखारा. वामनने डोळे गच्च मिटून मान झटकली.

"वाटलंच मला. एवढं स्वस्त कोण मागतंय? बरं, निम्मा ढीग भंगारात. झालं?"

वामनने पाण्याच्या तांब्याकडे हात उडवला. शेठला त्यात नकार दिसला.

"अरे देवा! अख्खा धरा, बस?"

वामनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शेठ खुर्चीत पुढं सरकले, आवाज खाली आला. "रडता काय साहेब? उरणचं पण कळलं वाटतं? पत्र्याची कॉइल विकली, ती कागदावर तशीच राहिली. काढतो ना! नसतं टेन्शन नका देऊ."

वामनने वडा गिळला. उरणचं गोदाम बघायला तो गेल्याच महिन्यात जाणार होता. ऊन फार, म्हणून गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तो उरणला जाऊन आला. कॉइलच्या जागी एक मांजर पिलांना घेऊन पसरलं होतं. नवा ताळेबंद समोर आला तेव्हा पेन उघडून तो थांबला. फुकट मिळालेल्या मोठेपणाखाली सही करणं त्याच्या जिवावर आलं.

"शेठ, खरं सांगतो. मला उरणचं काही ठाऊक नव्हतं. माझं तोंड भाजलं होतं."

शेठ खो खो हसले. "ऐका! बाहेर बाजारात सांगितलं तर कोणाला पटेल काय? साहेब, पुढच्या वर्षाचा डाव आत्ताच टाकू नका. करा सही."

वामनने सही केली. स्वच्छ, पूर्ण नावाची. शेठने बेल दाबून वडे मागवले, आणि वामनने भीत भीत विचारलं, "थंड असतील का?"

"बघा!" शेठ पोऱ्याला म्हणाले. "ह्यातपण भाव करतायत."