सागाच्या पानांआडची कचेरी

गडचिरोलीला आमची कचेरी दोन इमारतींत पसरलेली होती. पुढे जुनी कौलारू, मागे नवी दुमजली, आणि मधे सागाची झाडं. दोन्हीकडचे संगणक जोडणारी वायर जमिनीखालून गेली होती. नळासाठी कोणी खोदलं की ती तुटायची आणि मागच्या इमारतीचं काम ठप्प व्हायचं. म्हणून साहेबांनी बिनतारी नेटवर्क घ्यायचं ठरवलं. कोणतं घ्यायचं हे सुचवायची जबाबदारी संगणक विभाग सांभाळत असल्यामुळे माझ्यावर आली, आणि सोबतीला आमचे अधीक्षक. वयाने मोठे, पोंभुर्ण्याकडचे. त्यांना सगळे भाऊच म्हणत.

नागपूरहून दोन प्रस्ताव आले. एकात दोन्ही छपरांवर समोरासमोर एकेक अँटेना बसवायचा होता, तेवढ्यावर भागत होतं. दुसऱ्यात सायकल स्टँड, कँटीन असं करत आवारभर लहान डबे लावायचे, एकाने दुसऱ्याकडे माहिती द्यायची. हे काम पसाऱ्याचं आणि गतीने कमी. आम्ही उन्हाळ्यात पहिल्याची चाचणी घेतली. मागच्या इमारतीत फाईल क्षणात उघडली.

"हेच घ्या बाई," भाऊ म्हणाले. "झंझट नाई."

मलाही तेच वाटत होतं. पण तेवढ्यात साहेबांची बदली झाली आणि कागद टेबलावरच राहिला. चाचणीचे अँटेने मात्र छपरावर तसेच राहिले आणि मागच्या इमारतीचं काम त्यांच्यावरच चालू राहिलं.

पाऊस लागल्यावर काही आठवड्यांनी मागच्या इमारतीतून तक्रारी सुरू झाल्या. नागपूरचा इंजिनिअर आला. त्याने पेटी बदलली, वायर तपासली, अँटेन्याचं तोंड थोडं इकडेतिकडे फिरवलं. काही फरक पडेना. मी त्याच्यासोबत छपरावर उभी होते. समोर पाहिलं तर मागची इमारतच दिसत नव्हती. चाचणी घेतली तेव्हा साग उघडे होते, नुसत्या काड्या. आता सुपाएवढी ओली पानं मधे दाटली होती.

"मॅडम, फांद्या उतरवा, नाहीतर झाडंच काढा," इंजिनिअर म्हणाला. "मग काही त्रास नाही."

मी खाली येऊन भाऊंना हे सांगितलं. ते जेवायला डबा उघडत होते.

"तोडा मंग," ते म्हणाले. "मले काऊन विचारून राह्यल्या?"

डब्यावर त्यांनी पुन्हा झाकण ठेवलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नंतर मला सांगितलं, ती झाडं भाऊंनी लावलेली. नवे कारकून म्हणून आले तेव्हा मागे उघडं माळरान होतं. दुपारच्या सुट्टीत विहिरीवरून बादलीने पाणी घालायचे. मी इतकी वर्षं त्या सावलीत गाडी लावत होते आणि मला हे ठाऊक नव्हतं.

नव्या साहेबांनी बोलावून विचारलं, "झाडांची परवानगी मिळवू शकतो आपण. मग पहिलंच घ्यायचं ना?"

"नको, साहेब," मी म्हटलं. "पुढे आवारात आणखी खोल्या निघणार आहेत. तिथे समोरासमोरचा अँटेना पोचणार नाही. डबे वाढवता येतील."

कारण खरं होतं. पण झाडं भाऊंची नसती तर ते मला सुचलं असतं का, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. प्रस्ताव निवडायच्या समितीत माझ्यासोबत भाऊ स्वतः होते. त्यांनी माझ्या शिफारशीच्या टिपणावर सही केली.

दुसरी पद्धत आली. डबे झाडांना वळसा घालून लागले, साग तसेच राहिले. ती खरोखरच हळू चालायची. महिन्याची माहिती पाठवायच्या दिवशी मागच्या इमारतीतली माणसं चिडायची, आणि त्यांचं ऐकून घेणं माझ्याकडे असायचं. मी ऐकून घेत असे. चूक केली असं वाटत नव्हतं, पण अगदी बरोबर केलं असंही ठामपणे म्हणवत नव्हतं.

एका दुपारी भाऊ कँटीनच्या छपरावरच्या डब्याखाली चहा घेऊन उभे होते. मला थांबवून म्हणाले, "बाई, हे वायर नाई, काई नाई, जाते कसं हो?"

मला माहीत होतं तेवढं सांगितलं, लाटा, वळसा, एका डब्यातून दुसऱ्यात. ते मान हलवत शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. झाडांचं नाव त्यांनीही काढलं नाही, मीही नाही.