डंपरचा टर्बो आणि दोन मिनिटांचं डिझेल

अजूनही कुणी माझ्या गॅरेजात जुनी गाडी घेऊन येतं आणि "मोठा टर्बो बसवून द्या, ताकद वाढली पाहिजे" म्हणतं, तेव्हा माझं डोकं फिरतं. आधी तोंडातून दोन शब्द वाईट जातात, मग मी त्याला चहा पाजतो. त्याचा काय दोष? माझा राग चाळीस वर्षं जुना आहे.

ऐंशीच्या पुढची ती दुष्काळी वर्षं. मी नुकताच आयटीआय करून वाशी तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेत फिटर म्हणून लागलो होतो. संस्थेकडं एकच ट्रक होता. त्यावर लोखंडी टाकी ठेवून आम्ही डोंगरावरच्या एका वस्तीला पाणी पोचवायचो. वस्तीची विहीर कोरडी पडलेली, वरचा चढ भरल्या बैलगाडीला झेपत नव्हता. त्या माणसांचं आणि जनावरांचं पिणं या ट्रकवर होतं, दुसरं काही नव्हतं. ट्रक गाभण म्हशीसारखा हळूहळू चढायचा, पण दिवसाला चार खेपा न चुकता करायचा. इतक्या वर्षांत त्याच्या इंजिनाचं हेड एकदाही उघडावं लागलं नव्हतं.

चेअरमनना चार खेपा कमी वाटू लागल्या. वस्तीला वाटत नव्हत्या, चेअरमनना वाटत होत्या. शेजारच्या संस्थेचा टँकर पाच करतो, हे त्यांच्या जिव्हारी लागलेलं. त्यांचे व्याही माकणीकडं धरणाच्या कामावर ठेकेदार होते. त्यांनी भंगारात काढलेल्या डंपरचा टर्बो पोत्यात घालून पाठवला. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं!

मी चेअरमनना समजावून सांगितलं. सायलेन्सरकडं जाणाऱ्या गरम धुरावर याचं चाक फिरतं आणि ते इंजिनात जास्त हवा कोंबतं. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल जाळता येतं, म्हणून ताकद वाढते. पण आपलं इंजिन तेवढ्यासाठी घडवलेलंच नाही. पिस्टन, गॅसकिट, बेअरिंग, सगळं आपापल्या मापाचं. त्यात हा डंपरचा, दुपटीनं मोठा. ताकद दिसेल, पण इंजिनाचं आयुष्य जाईल.

"आयटीआय केलं म्हणून लई शाना झालास व्हय?" चेअरमन म्हणाले. "डंपर दगडं वाहतो, आपल्याला पानी न्यायचंय. पानी हलकं असतंय."

पाणी हलकं! ज्यानं जन्मात एक घागर डोंगरावर नेली नाही, तो माणूस हे बोलत होता.

टर्बो बसला. मीच बसवला. पाइप वाकवून जोडले, डिझेल पंपाचं सील तोडून डिझेल वाढवलं. चेअरमननी नारळ फोडला, टर्बोला हळदकुंकू वाहिलं. चढाला अर्ध्यापर्यंत गाडी नुसता काळा धूर ओकायची, कारण एवढं मोठं चाक फिरायलाच वेळ घ्यायचं. मग एकदम मागून धक्का दिल्यासारखी सुटायची. सहा खेपा होऊ लागल्या. चेअरमन येईल त्या पाहुण्याला तो चढ दाखवायला न्यायचे.

आता खरी गोष्ट. संस्थेनं ट्रकच्या डॅशबोर्डवर पांढऱ्या रंगानं लिहून ठेवलं होतं, 'गाडी थांबली की इंजिन बंद. डिझेल संस्थेचे आहे.' नियम चांगलाच होता, दुष्काळात डिझेल जपायलाच हवं. आमचे ड्रायव्हरमामा तर इतके मुरलेले की ब्रेक लागायच्या आधी त्यांचा हात इंजिन बंद करायच्या दोरीवर जायचा. पण टर्बोची दांडी इंजिनाच्या ऑइलवर तरंगत फिरते. चढ चढून लालभडक झालेलं इंजिन एकदम बंद केलं, तर ऑइल थांबतं आणि दांडी फिरतच राहते. आत उरलेलं ऑइल करपतं. म्हणून वर पोचल्यावर दोन मिनिटं इंजिन हळू चालू ठेवायचं, एवढंच.

मी संचालकांसमोर हात जोडून ही दोन मिनिटं मागितली.

"उभ्या गाडीत डिझेल जाळायचं?" एक संचालक म्हणाले. "आज दोन मिंटं, उद्या तासभर. न्हाय जमायचं."

मामांना मी बाजूला घेऊन विनवलं. ते म्हणाले, "मिस्त्री, तुमचं खरं असंल. पर वर संस्थेचा रखवालदार वही घिऊन बसलाय, उभी गाडी चालू दिसली की लिवतो. नोकरी माझी जाईल."

पाचव्या आठवड्यात टर्बो कण्हू लागला. मग निळा धूर येऊ लागला. मी गाडी थांबवा म्हणालो, तर चेअरमन "खेपा तुटतील" म्हणाले. दोन दिवसांनी भर चढावर मोठा आवाज झाला आणि ट्रक जागीच बसला. हेड उघडलं तर जास्तीच्या डिझेलच्या आगीनं दोन पिस्टनच्या डोक्याला भोकं पडलेली. टर्बोची दांडी चिकटलेली, तिच्याभोवती ऑइलचा करपलेला काळा थर. इतकी वर्षं कुरकुर न करता चाललेलं इंजिन सव्वा महिन्यात संपलं.

बैठकीत ठराव काय झाला? 'ड्रायव्हरच्या हयगयीमुळे नुकसान.' चोर सोडून संन्याशाला फाशी! मी उठून नियमाचं बोललो, तर मला खाली बसवलं. व्याह्यांच्या टर्बोचा ठरावात उल्लेखही नव्हता. मामांचा एकच गुन्हा, त्यांनी नियम पाळला होता.

पिस्टन मिळेपर्यंत ट्रक शेडमध्ये दगडांवर उभा राहिला. वस्तीच्या बाया डोंगर उतरून आमच्या शेडमागच्या हौदावर पाण्याला येऊ लागल्या आणि भरल्या घागरी घेऊन भर उन्हात तोच चढ चढू लागल्या. एका दुपारी त्यांच्यातली एक म्हातारी दारात टेकली. मी उघड्या इंजिनाजवळ बसलो होतो.

"लेकरा," ती म्हणाली, "चार खेपांत आमचं भागत हुतं की. सहा मागितल्या कुनी?"

मी म्हणालो, "कुणी नाही, आजी."

"मग ते यंतर बशिवलं कुनी?"

"म्या."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुला तर कळत हुतं न्हवं त्यातलं? मग न्हाय म्हनायचं हुतंस."

मी नाही म्हणालो होतो. पण नाही म्हणून झाल्यावर पाना उचलून कामाला लागलो होतो, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तिनं घागर डोक्यावर घेतली आणि ती डोंगराकडं चालू लागली.